व्यायामाची वेळ कशी ठरवावी

व्यायाम पहाटेच करावा, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यालाही आपण काहीतरी कमी प्रतीचे करत आहोत असे वाटते. त्या रीतीला कारण होते: दिवेलागणीनंतर लवकर निजानीज होत असे आणि उन्हातली कामे सुरू होण्यापूर्वीचा गारवा मेहनतीला सोयीचा असे. रात्री साडेदहाला लोकलमधून उतरून मग जेवणाऱ्या माणसाच्या दिवसाला ती वेळ जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून वेळ ठरवताना पहिला हिशेब झोपेचा करावा. प्रौढ माणसाला किमान ७ तासांची झोप लागते, म्हणजे पाचला उठायचे असेल तर रात्री दहाला डोळा लागलेला हवा. ते आठवड्यातून चार-पाच दिवसही जमण्यासारखे नसेल, तर पहाटेचा विचार सोडून द्यावा. मी स्वतः काही महिने साडेअकराला झोपून पाचला उठत असे. व्यायाम नेमाने होत होता, पण दुपारी डोके जड होई, चिडचिड वाढली आणि शेवटी तो नेमही मोडला. झोप कापून केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपेचा हिशेब जुळल्यावर शरीराकडे पाहावे. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि दुपार कलल्यानंतर, संध्याकाळच्या आसपास, सर्वाधिक होते. हा फरक अर्धा ते एक अंश सेल्सिअस इतकाच असला तरी संध्याकाळी स्नायू अधिक सैल असतात आणि जोरही अधिक लागतो, त्यामुळे वजने उचलणे किंवा वेगाने धावणे बहुतेकांना तेव्हा सोपे जाते. सकाळी तेच करायचे असेल तर अंग गरम करण्यासाठी पाचऐवजी दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. ज्यांची कंबर धरते त्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्याबरोबर खाली वाकल्यास त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. अशांनी अंथरुणातून उठून थेट सूर्यनमस्कार घालू नयेत. आधी घरातल्या घरात चालावे, चहापाणी उरकावे आणि तासाभराने सुरुवात करावी. अर्थात, रोज ज्या वेळी सराव करावा त्या वेळेची शरीराला सवय होते. मुंबई मॅरेथॉनसारख्या पहाटे सुटणाऱ्या शर्यतीत धावायचे असेल, तर लांब पल्ल्याचा सराव पहाटेच करणे हिताचे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक आहे, आणि इथे आपली शतपावली खरोखर उपयोगी पडते. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात रक्तातील साखर चढत जाते. त्याच वेळी चालल्यास मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर वापरू लागतात आणि चढ कमी होतो. यासाठी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे साध्या गतीने चालले तरी पुरते. रात्रीचे जेवण सर्वांत जड असेल तर निदान त्यानंतरची फेरी तरी चुकवू नये. जोरकस व्यायामासाठी मात्र पोटभर जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ज्यांच्या गोळ्यांमुळे साखर फार खाली जाऊ शकते त्यांनी, आधी साखर तपासावी आणि नेमके कधी व किती खाऊन निघायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. संध्याकाळी दमवणारा व्यायाम झाल्यास त्यांची साखर मध्यरात्री झोपेत उतरण्याचा धोका असतो.

उठल्यानंतर रक्तदाब वेगाने चढतो आणि हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या प्रहरात अधिक येतात. यावरून सकाळी व्यायाम करू नये असे ठरत नाही. पण हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलावे आणि उठून लगेच धावत सुटू नये.

बाहेर व्यायाम करणाऱ्यांनी हवेचा विचार ऋतूप्रमाणे करावा. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईची पहाट ताजी वाटते ती गारव्यामुळे. प्रत्यक्षात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन खाली बसते, वरचा उबदार थर झाकणासारखा राहतो आणि धूर, धूळ त्याखाली कोंडते. ऊन चढून ते झाकण मोडेपर्यंत हीच हवा आपण धावताना खोल श्वासाने आत घेत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. तो २०० च्या वर असेल तर त्या दिवशी घरात व्यायाम करावा, आणि दमा असणाऱ्यांनी १०० च्या वरच सावध व्हावे. उन्हाळ्यात हिशेब उलटतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा सूर्योदयाच्या आसपासची वेळच बरी, कारण संध्याकाळी सूर्य मावळला तरी तापलेले रस्ते आणि भिंती उष्णता सोडत असतात.

घराचे वेळापत्रकही प्रामाणिकपणे मांडावे. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांचे डबे, शाळेची रिक्षा यांत जिची सकाळ जाते, तिने सकाळी व्यायाम होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला मध्यम स्वरूपाची किमान १५० मिनिटे हालचाल हवी, आणि ती तुकड्यातुकड्याने केलेली चालते. रात्रीच व्यायाम जमत असेल तर तो झोपण्यापूर्वी किमान तासभर आधी संपवावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपवून थकल्या अंगाने व्यायाम करण्याऐवजी झोप पुरी झाल्यावर करावा.

एवढे पाहून दोन वेळा निवडाव्यात, प्रत्येक वेळ दोन आठवडे पाळावी आणि वहीत रोज तीन नोंदी कराव्यात: किती तास झोप झाली, व्यायामानंतर अंग कसे वाटले आणि दिवस चुकला असल्यास का चुकला. ज्या वेळी कमी दिवस चुकले, ती वेळ धरावी. ऋतू, नोकरीची पाळी किंवा औषधे बदलली की हीच पाहणी पुन्हा करावी.