बोरिवलीच्या जंगलात शिरण्याआधी

सोसायटीतली मुलं किंवा गावाहून आलेले पाहुणे घेऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलंत, तर आधी वार बघा. सोमवारी उद्यान बंद असतं. शिलोंड्यासारख्या पायवाटेवर जायचं असेल तर नुसत्या गेटवरच्या तिकिटावर भागत नाही. निसर्ग माहिती केंद्राकडे आगाऊ नोंदणी करा आणि त्यांचा वाटाड्या बरोबर असेल तरच आत शिरा. कान्हेरी लेण्यांचं तिकीट वेगळं. तुळशी आणि विहार तलाव याच जंगलात असले तरी ते पिण्याच्या पाण्याचे आहेत, सहलीसाठी खुले नाहीत, त्यामुळे बेतात धरू नका.

पिशवी भरण्याआधी मुलांना जवळ बसवा आणि शिकारीबद्दल बोला. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. शिकार म्हटलं की बंदूक आठवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र फास लावणं, जाळ्यात पकडणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकून पिटाळणं हे सगळं शिकारच आहे. तसा नुसता प्रयत्न केला तरीही. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणंसुद्धा त्यातच येतं. तेव्हा कुणाच्या खिशात बेचकी असेल तर ती घरीच काढून घ्या. राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५ हजार रुपये. बिबट्या जिवावरच उठला आणि स्वतःला वाचवताना तो मेला, तर कायदा तो गुन्हा मानत नाही. मात्र मेलेलं जनावर सरकारचं. त्याचं नखही कुणाला ठेवता येत नाही.

पावसाळ्यात जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही एक सांगायला हवं. ओढ्यात उतरून मुठे, म्हणजे छोटे खेकडे, धरायचे, येताना रानभाजी खुडून आणायची, ही हौस पुष्कळांना असते. उद्यानातून खेकडा, मासा, फूल, लाकूड, काहीही बाहेर नेता येत नाही. कचऱ्याची एक पिशवी सोडली तर रिकाम्या पिशव्या बरोबर घेऊच नका, म्हणजे मोह होणार नाही.

आता पिशवी. स्टीलच्या बाटलीत पाणी, घट्ट झाकणाचा डबा, कचरा परत आणायला एक कापडी पिशवी. काडेपेटी, लायटर, चाकू आणि गाणी वाजवायचा स्पीकर बाहेर काढा. उन्हाळ्यात वाळलेलं गवत एका काडीने पेटतं. कपडे मातकट रंगाचे, बाह्या पूर्ण, पायात बूट. कान्हेरीला माकडं हातातला खाऊ हिसकावतात. त्यांना ही सवय आपणच लावली आहे, म्हणून मुलांनी कितीही हट्ट केला तरी एक शेंगदाणाही देऊ नका. उरलंसुरलं अन्न टाकून येऊ नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो.

फास कसा दिसतो, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना समजावून सांगा. गाडीच्या ब्रेकची किंवा क्लचची बारीक तार असते. तिचं एक टोक झाडाच्या बुंध्याला करकचून बांधलेलं, दुसऱ्या टोकाला सरकती गाठ, आणि ते वेटोळं जनावरांच्या पायवाटेवर गुडघ्याच्या आसपास टांगलेलं. पाचोळ्यात ते चटकन दिसत नाही. बहुधा रानडुकरासाठी लावतात, पण त्यात सांबर अडकतं, बिबट्याही अडकतो, आणि धडपडेल तशी तार कमरेत रुतत जाते. असा फास दिसला तर हात लावू नका. फोटो काढा, जवळची खूण लक्षात ठेवा आणि वाटाड्याला किंवा वनरक्षकाला लगेच दाखवा. कोणी नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो घरूनच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. लहान मूल उचलून घ्यायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरायचं. वाटेवर मुलं कायम मोठ्यांच्या मधे ठेवा, एकट्याला आडोशाला पाठवू नका. अंधार पडायच्या आत गेटबाहेर पडता येईल असाच परतीचा वेळ धरा.