आईला सोबत घेऊन जगप्रदक्षिणा : छायाचित्रकाराने करावयाची तयारी

छायाचित्रकाराचा दिवस सूर्योदयाच्या तासभर आधी सुरू होतो, भर दुपारी जवळजवळ थांबतो आणि सूर्यास्तानंतरही काही वेळ चालू राहतो. सत्तरीतल्या आईचा दिवस याच्या नेमका उलट असतो : चहा, औषधे, अंघोळ आणि पूजा उरकून ती नऊ-दहाच्या सुमारास बाहेर पडायला तयार होते आणि दिवेलागणीला तिला परतायचे असते. (पुढे सोयीसाठी आई म्हटले आहे, सोबत वडील असले तरी फारसा फरक पडत नाही, फक्त ते थकल्याचे कबूल करायला जास्त वेळ घेतात.) जगप्रदक्षिणेचा सगळा आराखडा या दोन वेळापत्रकांच्या तिढ्यावर उभा करावा लागतो. तिकिटे, व्हिसा आणि लेन्स यांचा विचार त्यानंतरचा.

हा तिढा सोडवण्याचा माझ्या मते एकच खात्रीचा मार्ग आहे : ठिकाणे कमी ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणचा मुक्काम किमान आठवडाभराचा असावा. पहाटेचे काम छायाचित्रकाराने एकट्याने करून न्याहारीपर्यंत परत यावे, दहा ते एक हा वेळ दोघांनी एकत्र बाहेर घालवावा, दुपारी आईने विश्रांती घ्यावी आणि त्याच वेळात आपण फोटो संगणकावर उतरवून घ्यावेत. संध्याकाळी आईला यायचे असेल तर तिने यावे, नसेल तर खोलीत वाचत बसावे. हे जमण्यासाठी राहण्याची जागा फोटो काढण्याच्या ठिकाणापासून पायी अंतरावर हवी. म्हणून हॉटेलचे तारे मोजण्यापेक्षा त्याच्या जागेसाठी जास्त पैसे मोजावेत आणि लिफ्ट आहे की नाही हे संकेतस्थळावर न वाचता थेट विचारून घ्यावे, कारण युरोपातल्या जुन्या इमारतींत ती अनेकदा नसते. तीन दिवसांत दोन शहरे, अशा पद्धतीने आखलेल्या प्रवासात आईचे गुडघे आणि आपले फोटो या दोन्हींचे नुकसान होते. पहिल्या दिवशी ढगाळ हवा असेल तर दुसरी पहाट हाताशी राहत नाही.

आराखडा कागदावर येण्यापूर्वी घराजवळ रंगीत तालीम करावी. सकाळी लवकर पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या आईसोबत चढून पाहाव्यात. ती कुठे आणि किती वेळ थांबते, उतरताना कठड्याचा आधार घेते का, आणि तिच्या थांबण्याने आपण चुळबुळ करू लागतो का, या तिन्ही गोष्टींची नोंद घ्यावी. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. त्यानंतर वाई-मेणवलीला दोन रात्री राहून नदीच्या घाटावर खऱ्या कामाचा दिवस काढावा. तिला किती वेळाने स्वच्छतागृह लागते, जेवण लांबले तर काय होते, आपण एका फ्रेमसाठी अर्धा तास उभे राहिलो तर ती तेवढा वेळ कशात घालवते, हे तिथेच कळते.

या तालमीच्या आधारे यादीतली ठिकाणे निर्दयपणे कापावीत. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तिथे जायचेच असेल तर जलबसच्या थांब्याला लागून खोली घ्यावी. पेरूमधील कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, तर माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर. त्यामुळे विमानाने कुस्कोला उतरून तिथेच थांबण्याऐवजी आधी खालच्या खोऱ्यात काही रात्री काढणे वडीलधाऱ्यांसाठी बरे. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा टप्पा धरूच नये.

आता दिशा. जगप्रदक्षिणा पश्चिमेकडे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाचे शरीर-घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असते, त्यामुळे दिवस लांबवणे त्याला दिवस आखडण्यापेक्षा सोपे जाते, आणि पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतच जातो. शिवाय पश्चिमेला गेल्यावर पहिले काही दिवस पहाटे आपोआप जाग येते, ही छायाचित्रकारासाठी फुकटची सोय आहे. सप्टेंबरच्या मध्यावर निघाल्यास इस्तंबूल आणि लिस्बन, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पानांचा रंग बदललेला असताना बॉस्टन आणि त्याच्या उत्तरेचा प्रदेश, नंतर धुके ओसरलेले सॅन फ्रान्सिस्को आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपल लाल झालेले क्योटो, असा मार्ग बसतो. सगळी ठिकाणे उत्तर गोलार्धाच्या साधारण सारख्या पट्ट्यात असल्याने एकाच प्रकारचे कपडे पुरतात, आणि बॅगेतली वाचलेली जागा औषधांना व खाऊला मिळते. आइसलँड जूनमध्ये करण्याचा मोह छायाचित्रकाराला होतोच, पण तेव्हा रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळून तीनच्या आसपास उगवतो. उत्तम उजेडाची वेळ आणि आईची झोप यांची तिथे गाठच पडत नाही.

तिकिटे दोन प्रकारे घेता येतात. विमान कंपन्यांचे मोठे संघ जगप्रदक्षिणेचे एकत्रित तिकीट देतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या संघात आहे. अशा तिकिटावर एकाच दिशेने पुढे जावे लागते, अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडता येतात, ज्या देशातून निघालो तिथेच परतावे लागते आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. चार-पाचच थांबे असतील तर सुटी तिकिटे स्वस्त पडू शकतात, परंतु एकत्रित तिकिटात तारीख बदलणे सहसा सोपे असते, आणि वडीलधारे माणूस सोबत असताना एखादा ताप किंवा मुरगळलेला पाय गृहीत धरावाच लागतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट विमाने मोजकीच असल्याने बहुतेकांची सुरुवात मुंबईहून होते. विमान मध्यरात्रीनंतरचे असले तरी दुपारीच पुणे सोडावे. घाटातल्या रांगेत आईचा रक्तदाब तपासण्याची वेळ येऊ देऊ नये.

व्हिसाचा क्रम चुकला तर बाकी सगळे बरोबर असूनही प्रवास अडतो. प्रथम दोघांच्या पारपत्रांची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असल्याची खात्री करावी, आणि नूतनीकरण करायचेच असेल तर साठ पानांची पुस्तिका मागावी. त्यानंतर अमेरिकेचा व्हिसा. त्याची मुलाखत मिळायला वेळ लागतो, तो सहसा दहा वर्षांचा मिळतो, आणि अमेरिकेत फक्त विमान बदलायचे असले तरी भारतीय पारपत्रधारकाला तो लागतोच. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा, लिस्बनसाठीही हाच) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध व्हिसा हाती असेल तर तुर्कस्तानचा व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो, म्हणून त्याचा अर्ज या दोन्हींनंतर करावा. खरी मेख जपानची आहे. त्याचा एकदा प्रवेशाचा पर्यटक व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो, आणि वरच्या मार्गात जपान शेवटी येते. म्हणून तो अर्ज शक्य तितका उशिरा, निघण्याच्या तोंडावर करावा आणि तारखांचा हिशोब कॅलेंडर समोर ठेवूनच मांडावा.

आईच्या विम्याचा अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. हप्ता वाढतो हे खरे, पण लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो आणि अमेरिकेतल्या रुग्णालयाचे बिल घर विकायला लावू शकते. कॅमेऱ्याचा विमा वेगळा घ्यावा, कारण प्रवासविम्यातली सामानाची मर्यादा एका चांगल्या लेन्सलाही पुरत नाही.

औषधे संपूर्ण प्रवासाला पुरतील इतकी आणि वर दोन आठवड्यांची जास्त, अशी दोन पिशव्यांत विभागून, दोन्ही केबिनमध्येच ठेवावीत. इन्सुलिन सामानकक्षात गोठू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण पुण्यातले ब्रँड बॉस्टनच्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. जपानमध्ये कोडीन व स्यूडोएफेड्रीन असलेल्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, तसेच डॉक्टरांनी दिलेली औषधे महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते. सर्दी-खोकल्याची नेहमीची बाटली त्यामुळे घरीच राहू द्यावी. घड्याळ बदलत जाताना रोजच्या गोळ्यांची वेळ कशी सरकवायची, हे प्रत्येक टप्प्यासाठी डॉक्टरांकडून लिहून आणावे. सॅन फ्रान्सिस्कोहून जपानला जाताना वाररेषा ओलांडली की एक तारीख पंचांगातून गळते, आणि आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत एक कप्पा उगाचच भरलेला दिसतो. आई संकष्टी करत असेल तर छायाचित्रकाराचे चंद्रोदयाचे ॲप तिच्याही कामाला येते.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. “मला काय धाड भरली आहे?” हे उत्तर येणारच, खुर्चीमुळे तुझ्या मुलाला कॅमेऱ्याची बॅग घेऊन तासभर रांगेत उभे राहावे लागणार नाही, असे सांगितले की ती तयार होते.

सामानाबाबत थोडक्यात सांगतो. दोन कॅमेरा-बॉडी, एक २४-१०५ मिलिमीटरची झूम लेन्स, कमी उजेडातही चालणारी एक ३५ किंवा ५० मिलिमीटरची जलद लेन्स आणि हलका ट्रायपॉड इतके पुरे. आईची बॅगही आपल्यालाच उचलायची आहे, हे लेन्स निवडताना लक्षात असू द्यावे. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. प्रत्येकी १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. फिल्म वापरत असाल तर विमानतळावरच्या सामान तपासणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरमधून ती नेऊ नये, हाताने तपासण्याची विनंती करावी. दोन्ही कॅमेऱ्यांचे घड्याळ संपूर्ण प्रवासभर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर ठेवावे, म्हणजे नंतर फोटोंचा क्रम जुळवताना डोके धरून बसावे लागत नाही. फोटोंच्या प्रतींपैकी एक डिस्क कायम आईच्या पर्समध्ये ठेवावी; ती पर्स ती कुठेही विसरत नाही. मुंबईहून निघताना सीमाशुल्क विभागाकडून महागड्या उपकरणांचे, अनुक्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, नाहीतर परतताना स्वतःचाच कॅमेरा परदेशात विकत घेतला नसल्याचे सिद्ध करत बसावे लागते.

प्रत्यक्ष कामात आईला मदतनीस समजू नये आणि ओझेही समजू नये. हातात मोठा कॅमेरा घेतलेल्या एकट्या माणसाकडे बाजारातले लोक जरा संशयाने पाहतात. त्याच्या शेजारी भाजी निवडणारी, खुणांनी भाव विचारणारी साडीतली बाई असली की चेहरे सैल होतात. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून पाच-दहा मिनिटे तिला बोलू द्यावे, परवानगी मग आपोआप मिळते. क्योटोच्या गियोन भागातील खासगी गल्ल्यांत मात्र फोटो काढण्यास बंदी आहे आणि तिथे १०,००० येन दंडाचे फलक लावलेले आहेत; तिथे कोणाचेही गोड बोलणे उपयोगी पडत नाही. आईकडे एक वही द्यावी आणि रोज रात्री त्या दिवशीची ठिकाणे, भेटलेल्या माणसांची नावे आणि खाल्लेले पदार्थ तिने लिहावेत. छायाचित्रकार या बाबतीत हमखास आळशी असतात आणि महिन्याभराने फोटोखाली काय लिहायचे ते त्यांना सुचत नाही. तिचे फोटो स्मारकासमोर उभे करून काढण्यापेक्षा ती कशात तरी गुंतलेली असताना, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढावेत. आणि रोज एक तरी फोटो तिने आपला काढावा, तिरका आला तरी तो ठेवावा.

खाण्यासाठी मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि एक लहान विद्युत किटली एवढे नेले तरी आईचे निम्मे प्रश्न सुटतात. मार्गात ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड घातले असेल तर हे सगळे आगमनपत्रात जाहीर करावे. न्यूझीलंडमध्ये न जाहीर केलेल्या खाद्यवस्तूसाठी जागेवरच ४०० डॉलर दंड होतो, मग तो लाडू कितीही प्रेमाने वळलेला असो. परतीचे विमान मुंबईला रात्री उतरत असेल तर तिथेच मुक्काम करावा आणि सकाळी, पोटभर खाऊन, पुण्याची गाडी धरावी.