गुन्हेशास्त्राचा अभ्यास करताय? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

गुन्हेशास्त्राच्या पेपरात आणि प्रबंधात गुण जातात ते सिद्धांत आठवले नाहीत म्हणून क्वचितच. गुन्हा कुठे घडला आणि कधी घडला, हे दोन प्रश्न आधी विचारलेलेच नसतात, तिथे गाडी घसरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तर जास्तच. इथे तासाभराच्या प्रवासात राज्य बदलतं, आणि राज्याबरोबर कायदा, हायकोर्ट, कागदाची भाषा, आकड्यांचा तक्ता, सगळंच बदलतं.

जुनी कलमं तोंडात, नवा कायदा पुस्तकात

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी उत्तरपत्रिकेत ‘३०२ चा गुन्हा’ सुटत नाही. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. नव्या संहितेचं कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांबद्दल आहे. ४२० तर उरलेलंच नाही, कारण संहिता ३५८ कलमांत संपते. फसवणूक ३१८ मध्ये गेली. चोरी ३०३, आणि चेन हिसकावून पळण्यासाठी ३०४ हे स्वतंत्र कलम नव्याने आलं.

याच्या उलट चूकही तितकीच होते: जुन्या घटनेला नवं कलम लावणं. समजा, निपाणीत ३० जून २०२४ च्या रात्री दहा वाजता मोटारसायकल चोरीला गेली आणि मालकाने ३ जुलैला तक्रार दिली. गुन्हा जुन्या दंड संहितेचा, म्हणजे कलम ३७९. पण एफआयआर आणि तपास प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. एकाच कागदावर दोन्ही कायदे दिसले की विद्यार्थी पोलिसांची चूक म्हणून नोंद करतात. ती चूक नव्हे. गुन्ह्याचं कलम घटनेच्या तारखेवर ठरतं, प्रक्रियेचं ती प्रक्रिया कधी सुरू झाली त्यावर. १ जुलैला आधीच चालू असलेला तपास आणि खटला जुन्याच प्रक्रियेने पुढे जातो.

यावर उपाय म्हणजे तीन रकान्यांची वही: गुन्हा, जुनं कलम, नवं कलम. तीस-चाळीस नोंदी पुरतात. मात्र कलमाचा मजकूर एकदा तरी मुळातून वाचा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आता सक्तीचं आहे, असं सर्रास लिहिलं जातं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये मात्र ही तरतूद प्रत्यक्ष लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. गाइड वाचून हे कळत नाही.

हद्द ओलांडली की कायदाही बदलतो

चोर्ला घाटातून येणारी गोव्याची दारू हा आपल्याकडचा हमखास प्रोजेक्ट. त्यात ‘दारूबंदी कायदा’ असं मोघम लिहिलं की काम संपलं असं वाटतं. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पकडली तर कर्नाटक अबकारी कायदा, १९६५. तीच गाडी पुढे महाराष्ट्रात, चंदगडात सापडली तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. शिक्षा, परवान्याचे नियम, गाडी जप्त करण्याची पद्धत ज्या त्या कायद्याप्रमाणे बघावी लागते. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा, कर्नाटकाचा २०१७ चा. सौंदत्तीच्या संदर्भात देवदासी प्रथेवर लिहिताना तर महाराष्ट्राचा कायदा उचलून चालतच नाही; इथे कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा आहे.

निकालांचंही तेच. बेळगावच्या कोर्टाला बांधील असतो तो कर्नाटक हायकोर्टाचा निकाल, आणि इथली अपिलं धारवाड खंडपीठाकडे जातात. मराठीत टिपणं सहज मिळतात म्हणून मुंबई हायकोर्टाचे निकाल ‘बंधनकारक’ म्हणून दिले जातात. ते पटवून देण्यापुरते चालतात, बांधील नसतात.

झीरो एफआयआरमुळे गोंधळात भर पडते. चंदगड तालुक्यात घडलेल्या गुन्ह्याची तक्रार बेळगावच्या ठाण्यात देता येते, पण ती नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. म्हणून त्या केसचा पुढचा तपास बेळगावात शोधत बसू नका.

आकड्यांशी झटापट

सगळ्यात जास्त प्रबंध इथे पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जिल्हावार तक्त्यात ‘बेळगाव शहर’ आणि ‘बेळगाव जिल्हा’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पोलीस आयुक्तालय २०१४ साली झालं. त्यामुळे २०१० ते २०२० चा आलेख फक्त ‘जिल्हा’ ओळीवर काढला, तर मधेच गुन्हे घटल्यासारखे दिसतात. गुन्हे घटलेले नसतात, शहराची ठाणी दुसऱ्या ओळीत गेलेली असतात. मग त्या घसरणीचं श्रेय कुठल्या तरी पोलीस मोहिमेला देऊन विद्यार्थी मोकळा होतो.

पुढची पायरी दराची. या तक्त्यात जिल्ह्याचे नुसते आकडे असतात, दर आपणच काढायचा. विद्यार्थी २०११ च्या जनगणनेतली पूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या, ४७ लाख ७९ हजार, घेतात आणि वर मांडतात एकट्या ‘जिल्हा’ ओळीचे गुन्हे. छेदात शहर आहे, अंशात नाही. दर आपोआप कमी येतो. दोन्ही ओळींची बेरीज करा, किंवा शहर छेदातूनही वगळा. काय केलं ते तक्त्याखाली लिहा.

आणखी तीन गोष्टी इथेच सांगून टाकू. एका एफआयआरमध्ये खून आणि पुरावा नष्ट करणं असे दोन गुन्हे असले, तरी मोजणी एकच होते, जड गुन्ह्याची. दोषसिद्धीचा दर हा त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांपैकी असतो, नोंदलेल्या सगळ्या गुन्ह्यांपैकी नाही. आणि तालुका पातळीवर खून २ चे ४ झाले तर ‘१०० टक्के वाढ’ लिहू नका, सरळ आकडा लिहा.

जास्त नोंद म्हणजे जास्त गुन्हे, हा निष्कर्षही घाईचा. तक्रार घेणारं ठाणं कागदावर नेहमीच वाईट दिसतं.

‘गरिबीमुळे गुन्हे होतात’

हे वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक पुढचं पान उलटतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत पौर्णिमेला खिसे कापले जातात, त्याचं कारण गरिबी लिहिलं, तर अमावस्येला गरिबी कुठे गेली होती? बदलली ती गर्दी. कोहेन आणि फेल्सन यांची १९७९ ची मांडणी इथे चपखल बसते: गुन्ह्याला तयार माणूस, सोपं लक्ष्य आणि राखण करणाऱ्याचा अभाव हे तिन्ही एका जागी एका वेळी आले पाहिजेत. बसस्टँड, देवळाची रांग, पार्किंग असे भाग पाडून यातलं काय कुठे कमी-जास्त होतं ते लिहा. लोम्ब्रोसोपासून मर्टनपर्यंतच्या सिद्धांतकारांची सनावळी पाच ओळींत उरकली तरी चालेल.

कन्नड कागद

ठाण्यातले कागद कन्नडमध्ये. शाळेत कन्नड झालेलं असतं, बोलताही येतं, पण जुन्या पंचनाम्याच्या हस्ताक्षरावर मराठी विद्यार्थी अडतात आणि हवालदाराच्या तोंडी सारांशावर विसंबतात. सोपा मार्ग असा: सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील सोडून बाकी एफआयआर वेबसाइटवर टाकले जातात. महाराष्ट्रातला मराठी आणि कर्नाटकातला कन्नड एफआयआर शेजारी ठेवून वाचा. रकाने बरेचसे मिळतेजुळते असल्याने आठ-दहा कागदांत नेहमीचे शब्द ओळखीचे होतात. नोंदवहीत एफआयआर नंबर, कोर्टातला केस नंबर आणि १६ अक्षरी सीएनआर नंबर (ई-कोर्टात खटल्याची ओळख पटवणारा) वेगवेगळे लिहा. नुसत्या एफआयआर नंबरावर वर्षभराने केस शोधणं जिकिरीचं होतं.

मुलाखती आणि जेल

हिंडलगा जेलच्या दारात उभं राहून परवानगी मिळत नाही. विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज कारागृह खात्याकडे बेंगळुरूला जातो. प्रबंध मेमध्ये द्यायचा असेल तर ऑक्टोबरातच पाठवा. पोलिसांकडे जाताना हद्द बघा. बेळगाव शहर आयुक्तांकडे, खानापूर-निपाणी जिल्हा पोलीस प्रमुखांकडे.

कच्च्या कैद्याला ‘तू केलंस का?’ असं कधीही विचारू नका. वकिलाला गुप्ततेचं जे संरक्षण आहे, ते संशोधकाला नाही. तुम्हाला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. जेलमधलं आयुष्य, वकील कधी भेटला, जामीन का अडला, एवढंच विचारा. मुलाखतीत एखाद्या बालकावरचा लैंगिक अत्याचार समजला, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा. हे संमतीपत्रातच मराठी आणि कन्नडमध्ये छापा, म्हणजे समोरच्याला आधी माहीत असेल.

नाव गाळलं की ओळख लपली, असं समजू नका. ‘खानापूर तालुक्यातल्या अमुक गावच्या शाळेतला एकमेव शिक्षक’ असं लिहिल्यावर राहिलं काय? गाव, व्यवसाय आणि तारीख यांतलं निदान दोन गाळा.

कोर्स निवडताना

गुन्हेशास्त्रात एमए केल्याने वकिली करता येत नाही, त्याला एलएलबीच लागतं. फॉरेन्सिक लॅबच्या जागांना रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्राची पदवी विचारतात. या विषयाचा थेट उपयोग परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, बाल संरक्षण कक्ष, समुपदेशन, कैद्यांबरोबर काम करणाऱ्या संस्था इथे होतो. कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा आडवी येते, तिची तयारी पहिल्या वर्षापासून ठेवा. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक अर्ज करू शकतात, पण १५ वर्षं वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. जाहिरात निघाल्यावर तो काढायला धावाल तर मुदत निघून जाईल.