बॅरंट्स समुद्रातली मासळी मोजायची रीत

खानापूर-नंदगडकडची प्राणिशास्त्राची मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, एवढ्या समुद्रातले मासे मोजतात तरी कसे?" सगळे मासे कुणीच मोजत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेलं जाळं, ठरलेला वेळ ओढायचं, वर आलेलं सगळं लिहायचं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा तेच करायचं. नॉर्वेच्या एका संशोधन जहाजावर मासळी निवडायच्या टेबलाशी मी उभी राहिले आहे. तिथली रीत सांगते, आणि बेळगाव भागात बसून तिचा सराव कसा करायचा तेही.

आर्क्टिकच्या उंबऱ्यावरचा बॅरंट्स समुद्र तसा उथळ, सरासरी 230 मीटर खोल. नॉर्वे आणि रशियाने 2004 साली तिथे शरद ऋतूतली मोठी पाहणी सुरू केली. नकाशावर आखलेल्या जागांना स्टेशन म्हणतात. "इथे मासळी जास्त लागते" म्हणून स्टेशन हलवायचं नाही. मासेमार मासळीच्या मागे जातो, पाहणी करणाऱ्याने ठरलेल्या जागेवरच जायचं.

जाळं टाकायच्या आधी पाणी बघा. तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं उपकरण तळापर्यंत सोडतात. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठतं. ध्रुवीय कॉड या माशाच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात, म्हणून तो शून्याखालच्या पाण्यातही सुखाने राहतो. अटलांटिक कॉड मात्र त्यामानाने उबदार पाण्यातला. तापमान लिहिलं नसेल तर कुठला मासा कुठे का सापडला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

जाळं कांपेलेन जातीचं, मुळात कोळंबीसाठीचं, शेवटच्या पिशवीला बारीक आस, म्हणजे छिद्रं लहान. जहाजाचा वेग 3 नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर, ओढ 15 मिनिटं. घड्याळ जाळं पाण्यात पडल्यावर नाही, तळाला टेकल्यावर सुरू करायचं. ते जाळ्यावरच्या सेन्सरवरून कळतं. जाळं फाटलं तर ती ओढ "बाद" लिहा, "शून्य" नव्हे. शून्य म्हणजे नीट बघितलं आणि मासा नव्हता. बाद म्हणजे बघताच आलं नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की पुढचं सगळं गणित नासतं.

मासळी डेकवर आली की लगेच आत न्या. उघड्यावर वारा लागून मासे कडक होतात, वाकडे होतात, मग लांबी बरोबर येत नाही. मोठे मासे आधी वेगळे काढा. उरलेला ढीग फार असेल तर सगळ्याचं वजन करून त्यातला भाग घ्यायचा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालते, पण भात ढवळलेला हवा. वरची पाटी उचलली तर खाली घसरलेले बारीक मासे हातीच लागत नाहीत. आणि सगळा ढीग घेतलेल्या भागाच्या किती पट आहे, तो आकडा त्याच क्षणी लिहा.

ओळखण्यात खरा वेळ जातो. कॉड, हॅडॉक, कॅपेलिन दोन दिवसांत डोळ्यांत बसतात. ईलपाउट हे लांबट मासे मात्र घाम काढतात: अंगाच्या बाजूची रेघ पोटाकडे उतरते की मधून जाते, खवलं कुठपर्यंत आहेत, हे भिंगाखाली बघावं लागतं. स्नेलफिश जेलीसारखा मऊ. त्याच्या पोटावर चिकटायची चकती असते आणि कातडी बोट लागताच फाटते, म्हणून तळहातावर पाणी घेऊन उचला. नाव पक्कं नसेल तर अंदाजाने जात लिहू नका, कुळापर्यंत लिहून थांबा, फोटो काढा, मांसाचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा. या बिनबाजारी माशांसाठी मी हट्टाने भांडते. 2004 ते 2012 च्या नोंदींवरून 2015 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की दक्षिणेकडचे मोठे मासे झपाट्याने उत्तरेला सरकताहेत आणि तळाशी राहणारे लहान आर्क्टिक मासे मागे हटताहेत. कुणी खात नाही म्हणून त्यांना टाकून दिलं असतं, तर ही गोष्ट कळलीच नसती.

लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, नेहमी खालच्या पूर्ण सेंटीमीटरला: 43.8 आली तरी 43. कॅपेलिन लहान, तो खालच्या अर्ध्या सेंटीमीटरला. वहीत पेन्सिलच वापरा. लोकरीचे हातमोजे आत आणि रबरी वर.

हिशेब सोपा आहे. 3 नॉटने 15 मिनिटं म्हणजे सुमारे 1389 मीटर. जाळ्याचं तोंड समजा 20 मीटर; तर 0.028 चौरस किलोमीटर तळ झाडला गेला. त्यात 14 मासे आले तर चौरस किलोमीटरला सुमारे 500. पण तळाच्या वर पोहणारे मासे या जाळ्यात थोडेच येतात, त्यांच्यासाठी ध्वनिलहरींची मोजणी वेगळी. म्हणून कॉडची ध्रुवीय कॉडशी तुलना करू नका. कॉडची मागच्या वर्षीच्या कॉडशी करा.

आता सराव. बेळगावच्या बाजारात गोवा-कारवारकडून बर्फात मासळी येते, त्यातला ढोमा घ्या. वय सांगणारे कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, त्याचे चांगले मोठे असतात. डोळ्यांच्या मागे डोक्याचा वरचा भाग सुरीने आडवा उडवा. मेंदू दिसेल. चिमट्याने तो बाजूला करा, मागच्या अंगाला, खाली, दोन्हीकडे एकेक पांढरा खडा बसलेला असतो. टोकाला धरून ओढू नका, खालून उचला. पुसून, वाळवून कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लांबी आधीच लिहिलेली असू द्या. बांगड्याचे खडे फार नाजूक, ते नंतर.

मोजपट्टीची फळी गावच्या सुताराकडून करून घ्या, शून्याच्या बाजूला उभी पट्टी ठोकलेली. पाऊस ओसरला की मलप्रभा नदीवर जाळं फेकणाऱ्या काकांना विचारून त्यांच्याजवळ बसा. तीच जागा, तेच काका, तेच जाळं, दहा फेक. मरळ आली, तिलापिया आली, मुठीतले चिंगळे आले, सगळं लिहा. रिकाम्या फेकीपुढे 0. दर महिन्याला त्याच जागी.

भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र 2008 पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आपल्याला जवळच, चोर्ला घाट उतरून वास्कोला. आर्क्टिक मोहिमांसाठी तिथून संशोधन प्रस्ताव मागवले जातात. प्रस्ताव मार्गदर्शकांबरोबर लिहायचा असतो, आणि तेव्हा मलप्रभेची वर्षभराची वही सोबत न्या.