प्रकल्प भरकटू नये म्हणून काय करावं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीला पाणी द्यायचं म्हणजे थ्री फेज लाइटीच्या, म्हणजे शेतातली मोटर चालवणाऱ्या विजेच्या, वेळापत्रकावर जगणं. लाइट रात्रपाळीला आली की वावरात जावंच लागतं. आमच्या आबांची ही फेरी वाचावी म्हणून मी मोबाइलवरून मोटर सुरू करणारा पॅनल बनवायला घेतला. दोन महिने अ‍ॅपमध्येच गेले: आलेख, हवामान, सूचनांचे आवाज. आबा टॉर्च घेऊन जातच होते. आठवलं की अजून मनाला लागतं.

तेव्हा सगळ्यात आधी एक वाक्य लिहा, आणि त्यात माणूस असू द्या. 'स्मार्ट सिंचन प्रणाली' एवढ्यावरून काही कळत नाही. मी पॅनलच्या झाकणावर मार्करने लिहिलं: 'आबांनी रात्री वावरात जायचं नाही आणि केळी तहानलेली राहायची नाही.'

मग काम झालं हे कशावरून ओळखायचं, ते ठरवा. इथे वेळ द्या. माझं गाडं इथेच अडलं होतं. मोटर सुरू झाल्याचा मेसेज आला म्हणून पाणी झाडापर्यंत पोचतंच असं नाही. फिल्टर गाळाने भरलेला असतो, ठिबकची नळी कुठेतरी कुरतडलेली असते, विहीर उतरली तर मोटर कोरडी फिरून जळते. म्हणून मी खूण ठरवली ती शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली. ड्रिपर तासाला ४ लिटरचा, म्हणजे १५ मिनिटांत मापात १ लिटर जमायला हवं. पहिल्या दिवशी अर्धा लिटरही भरलं नाही, आणि अ‍ॅपवर हिरवा दिवा! त्याच दिवशी आलेख बाजूला ठेवले. आधी फिल्टर धुतला, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढला, कोरडी मोटर आपोआप बंद होईल अशी सोय केली. (थ्री फेजची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.)

नव्या कल्पना सुचतातच. त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. हाती घेण्याआधी झाकणावरचं वाक्य वाचा: याने आबांची एक तरी फेरी वाचते का?

आणि वस्तू अर्धवट असतानाच वापरणाऱ्याच्या हातात द्या. आबांना पडद्यावरची बटणं नकोच होती. मिस कॉल दिला की मोटर सुरू, पुन्हा दिला की बंद, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या आठवड्यात रात्री दोनला लाइट आली. आबांनी अंथरुणातूनच कॉल लावला. सकाळी आम्ही दोघं गेलो, तेव्हा शेवटच्या खोडाभोवतीची माती ओली होती.