गलाईच्या दुकानात या चुका टाळा : रात्री उमगणारी इजा

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेल्या गलाई बांधवांच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या कारागिरांच्या दुकानांत भाजण्याची धास्ती सर्वांनाच असते. धातू वितळवण्याची तापलेली मूस सांडशीने उचलली जात असताना नवखा मुलगाही आपसूक दोन पावले मागे सरतो, कारण भाजले तर ते त्याच क्षणी कळते. खरा दगा देतात ते वायू आणि वाफा. त्यांची इजा अनेकदा दुकान बंद करून माणूस अंथरुणाला पाठ टेकल्यावर उमगते, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उशिरातच आहे.

तांबूस धूर आणि गुळाचा खडा

चांदी-तांबे मिसळलेले सोने शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडच्या भांड्यातून तांबूस-तपकिरी धूर उसळतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड असून तो हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे निवल्यावर तो खाली उतरतो आणि बसून काम करणाऱ्याच्या तोंडाशीच रेंगाळतो. कारागीर रुमालाचे टोक नाकाला लावतो, दोनदा खोकतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो. गुळाने घशाला बरे वाटत असेल, पण गूळ फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही आणि वायू मात्र पोहोचतो. तेथील ओलाव्याशी मिसळून त्याचे आम्ल बनते, आणि त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचू लागण्यास काही तासांपासून एक-दोन दिवसही लागू शकतात. मधल्या वेळात माणूस जेवतो, बोलतो, चांगला दिसतो, म्हणूनच घरचेही निर्धास्त राहतात.

असा धूर छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे, जिने चढण्यासारखे श्रम करू नयेत आणि डॉक्टरांना नुसते ‘धूर लागला’ असे न सांगता वायूचे नाव सांगावे. तसे सांगितले तरच पुढील एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवण्याचे महत्त्व त्यांच्या लक्षात येईल. कापडी किंवा कागदी मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. टेबल फॅन लावणे ही तर उलटी सोय आहे, कारण तो वायू खोलीभर फिरवतो. ॲसिडचे भांडे धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त खोक्यात, म्हणजे कारागिराच्या तोंडापासून दूर खेचणाऱ्या झोताखाली असावे, आणि तो धूर शेजाऱ्याच्या खिडकीत न सोडता कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन बाहेर काढावा.

जुने केडीएम दागिने

केडीएम म्हणजे दागिन्याचे सांधे जोडणारा कॅडमियमचा डाख. असे दागिने आता फारसे घडवले जात नसले तरी मोडीत ते येतच राहतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. म्हणजे मुशीतील सोने पातळ होण्याआधीच कॅडमियमची वाफ खोलीत आलेली असते. काही तासांनी ताप, कणकण आणि छातीत दडपण जाणवते, आणि फ्लू समजून गोळी घेतली जाते. मोड हाती घेताना तो केडीएमचा आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारण्यास अर्धा मिनिट लागतो.

पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळणे

झारेकरी सराफाच्या दुकानातील मातीतून सोन्याचे कण पाऱ्याने वेचतात आणि तो पारा-सोन्याचा गोळा तापवून पारा उडवून देतात, म्हणजे सोने मागे उरते. छोट्या सोन्याच्या खाणींतही हीच रीत आहे. पारा ३५७ अंशांना उकळतो आणि त्याच्या वाफेला रंग किंवा वास नसतो. २०१७ साली अंमलात आलेल्या, पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने छोट्या खाणींपुरत्या ज्या पद्धती मोडून काढायला सांगितल्या आहेत, त्यांत हा गोळा उघड्यावर जाळणे आणि वस्तीत जाळणे या दोन्हींचा समावेश आहे. भारतही २०१८ पासून या करारात आहे. आमच्याकडे मात्र तो पोटमाळ्याखाली, वर माणसे राहत असताना जाळला जातो. बारीक काम करताना हात थरथरू लागला की वय झाले म्हणून सोडून दिले जाते. अशा वेळी लघवीतील पाऱ्याची तपासणी करून घ्यावी. सांडलेला पारा झाडूने गोळा करू नये, कारण त्याचे थेंब फुटून फटींत शिरतात. खिडक्या उघडून, जाड कागदाने थेंब एकत्र करून ते पाणी असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत.

सांडलवंड आणि मोरी

सांडलेल्या नायट्रिक ॲसिडवर लाकडाचा भुसा टाकण्याची सवय घातक आहे, कारण भुसा पेट घेऊ शकतो; वाळू आणि खाण्याचा सोडा वापरावा. अंगावर उडाल्यास मात्र सोडा न चोळता नळाखाली किमान पंधरा मिनिटे धुवावे. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. झळाळीसाठी सायनाइड वापरत असाल तर त्याचे पाणी आणि ॲसिडचे पाणी एकाच मोरीत कधीही सोडू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन सायनाइड काही मिनिटांत जीव घेऊ शकतो, आणि त्याला उशीर ठाऊक नाही.

राहिली गोष्ट झोपण्याची. भाडे वाचवण्यासाठी मुले भट्टीशेजारीच अंथरूण टाकतात, थंडीत शटर खाली ओढतात आणि विझत आलेल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड रात्रभर खोलीत साठत राहतो. निखारे पूर्ण विझवल्याशिवाय आणि खिडकी उघडी ठेवल्याशिवाय त्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये.