वॅगनआर, भोर-मांढरदेवचा रस्ता आणि सकाळचे साडेपाच

आधीच सांगतो, घाटातल्या छोट्या रस्त्यावर नुसतं मजेसाठी गाडी चालवायला जायचं तर नवीन गाडी घ्यायची काहीही गरज नाहीये. दारात जी उभी आहे तीच काढायची. माझ्याकडे सेकंड हँड घेतलेली वॅगनआर आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग हातात हलकंसं थरथरतं आणि ओव्हरटेक करायचा तर आधी मनात बेरीज-वजाबाकी करावी लागते. ऑफिसमधले लोक हसतात की त्या डब्यात बसून कसली ड्राइव्ह. हसू द्या. मोठ्या पॉवरच्या गाडीत घाटात तुम्ही तिचा पावभागही वापरत नाही, सगळा वेळ तिला आवरण्यात जातो. इथे पन्नासच्या स्पीडला तुम्ही गाडीचं सगळं सामान कामाला लावलेलं असतं, गिअर, क्लच, ब्रेक, कान, सगळं, आणि तरी स्पीड एवढा कमी की म्हातारे आजोबा रस्ता ओलांडत असले तरी आरामात थांबता येतं.

तसंही आपल्याकडच्या बहुतेकांनी शिकलीये ती मारुती ८०० वरच. १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ पर्यंत बनत होती, इंजिन ७९६ सीसीचं. त्यात चार मोठी माणसं, दोन पोरं, वर कॅरिअरला बांधलेल्या बॅगा घेऊन लोक महाबळेश्वर करून आलेत आणि कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

तर कसं करायचं ते सांगतो. मी पुण्यातला आहे म्हणून माझा रस्ता सांगतो, तुम्ही तुमच्या गावाजवळचा शोधा.

रस्ता शोधताना एकच बघायचं, तो कुठे पटकन पोचवतो का. पोचवत असेल तर सोडून द्या, त्यावर ट्रक असणार, घाई असणार. जो रस्ता उगाच डोंगरावरून वळसा घालून जातो तो आपला. किलोमीटरचे दगड बघत चला, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. पिवळ्यावरून लवकर उतरायचं, हिरव्यावर मजा सुरू होते. मॅप लावला की तो सारखा तुम्हाला पिवळ्यावर परत न्यायला बघतो, 'बारा मिनिटं वाचतील' म्हणतो, म्हणून मी निघायच्या आधी घरीच रस्ता बघून ठेवतो आणि मोबाईल डॅशबोर्डच्या खणात टाकतो. चुकलो तर टपरीवर विचारायचं. अजून तरी कोणी चुकीचा फाटा सांगितलेला नाही, अंतर मात्र कायम 'हे काय, पुढंच' एवढंच सांगतात, मग ते दोन किलोमीटर असो की बारा.

माझा रस्ता असा आहे, कात्रजवरून सातारा रोडने कापूरहोळ, तिथून हायवे सोडून उजवीकडे भोर, भोरमधून आंबवडे, मग आंबाडखिंड चढून मांढरदेव आणि पलीकडे उतरलं की वाई. परत येताना सुरूर फाट्यावरून हायवेला लागायचं आणि खंबाटकीचा बोगदा. सगळं मिळून दोनशेच्या आतबाहेर होतं, दुपारच्या जेवणाला घरी. वर्षातून सात-आठ वेळा तरी हाच करतो. लोक विचारतात तोच तोच रस्ता काय करतोस, अरे पण तोच तोच केल्यावरच कळतो ना तो, कुठल्या वळणानंतर खडी सांडलेली असते, कुठल्या मोरीवर रस्ता बसलाय, कुठल्या घराचं कुत्रं गाडीमागे धावतं आणि कुठे दमून थांबतं.

वेळ महत्त्वाची. शनिवार-रविवार नाही म्हणजे नाही, त्यातून पावसाळ्यातला रविवार तर अजिबात नाही, धबधबा दिसला की अर्धं पुणे रस्त्यात आडव्या गाड्या लावून भजी खात उभं असतं. एक सुट्टी टाका, मंगळवार-बुधवार बघून. साडेपाचला घर सोडा, म्हणजे कात्रज रिकामं मिळतं आणि भोरला पोचेपर्यंत स्वच्छ उजाडतं. अंधारात छोट्या रस्त्यावर मी मुद्दाम जात नाही. ऊस सुरू झाला की, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाईट ना रेडियम, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ते अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पौष पौर्णिमेच्या आसपास काळूबाईची यात्रा असते तेव्हा मांढरदेवकडे गाडी वळवूच नका, देवीला जायचं असेल तर एसटीने जा. आणि सुगीत रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं दिसेल, बाजूला दगड मांडलेले असतात, त्याच्या कडेने हळू निघायचं, वरून जायचं नाही, कुणाच्या तरी वर्षभराचं असतं ते.

गाडीची तयारी फार नाही पण जी आहे ती आदल्या रात्री करा. हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर लिहिलेली हवा भरायची आणि टायर थंड असताना भरायची. पंपावरचा पोरगा न विचारता पस्तीस-चाळीस मारतो, मग गाडी खडबडीत रस्त्यावर चेंडूसारखी उडते आणि आपण म्हणतो सस्पेन्शन गेलं. स्टेपनीत हवा आहे का बघा, बहुतेकांच्या नसते (माझ्याही नव्हती, हे मला पंक्चर झाल्यावर कळलं). काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात, पण आतल्या बाजूला जो धुरकट थर असतो तो सकाळचं तिरपं ऊन समोरून आलं की पांढरा पडदाच होतो. ओल्या वर्तमानपत्राने पुसून मग कोरड्याने. डॅशबोर्डवरचा गणपती सोडून बाकी जे काही खडखडतं ते काढून ठेवा, नाण्यांसकट.

आता चालवायचं.

गावाबाहेर पडलात की एसी बंद, काचा खाली. छोट्या इंजिनाला एसीचं ओझं चढावर चांगलंच जाणवतं हा एक भाग, पण मुख्य म्हणजे ऐकू येतं. गाणी पण नकोत निदान चढ संपेपर्यंत. घाटात कठडा सुरू झाला की इंजिनाचा आवाज त्याला आपटून परत येतो, कठडा तुटला की गायब, परत कठडा परत आवाज. कापूरहोळ सोडलं की ओल्या मातीचा नाहीतर चुलीच्या धुराचा वास येतो, आणि भोरच्या अलीकडे नदीवरून एकदम गार झुळूक लागते, उन्हाळ्यातसुद्धा. काचा वर असताना हे काहीच कळत नाही.

चढाला गिअर आधी टाका. आंबाडखिंडीचा चढ लागला की नवीन माणूस काय करतो, चौथ्यातच पाय दाबत राहतो, गाडी घरघरते, दम टाकते, मग अगदी मरायला टेकली की घाईघाईत दुसरा. चढ समोर दिसला ना, तेव्हाच तिसरा घ्या, इंजिन जरा मोकळ्या आवाजात गायला लागेल, मग वळणाच्या अलीकडे ब्रेक, दुसरा, ब्रेक सोडला, गाडी वळली, आणि वळणाचं तोंड उघडलं की परत हलका पाय. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. ही एवढी एक गोष्ट नीट जमायला मला दोन वर्षं लागली आणि ज्या दिवशी सलग पाच-सहा वळणं अशी एका दमात निघाली त्या दिवशी मी गाडीत एकटाच मोठ्याने 'वा' म्हणालो. स्पीड किती होता तर चाळीस.

नजर बोनेटच्या पुढच्या रस्त्यावर नको, वळणाच्या जितकं पलीकडे दिसतंय तिथे ठेवा, हात आपोआप तिकडे जातात. जिथे दिसत नाही तिथे हॉर्न, एकदाच, लांब. समोरून कोणी वर चढत येत असेल आणि रस्ता अरुंद असेल तर खाली उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे आणि एसटीचे ड्रायव्हर तो पाळतात, आपल्यासारखे गाडीवालेच पाळत नाहीत. साइडपट्टीवर उतरताना बघून, पावसानंतर ती खचलेली असते आणि डांबराची कड वीतभर वर राहते.

उतार. इथे मी एकदा चांगलीच माती खाल्लीये म्हणून सविस्तर सांगतो. गाडी घेतल्याच्या पहिल्या वर्षी मांढरदेववरून वाईकडे उतरत होतो, मागे आई-बाबा, आणि मी हुशारी करून न्यूट्रल टाकलं, पेट्रोल वाचेल म्हणून. गाडी सुसाट, प्रत्येक वळणाला ब्रेक, निम्मा उतार झाल्यावर जळका वास यायला लागला, मला वाटलं कुणाच्या शेतात काहीतरी पेटवलंय, मग पेडल जरा जास्तच खाली जायला लागलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. कशीबशी एका रसवंतीपाशी थांबवली. पुढच्या चाकांतून धूर. मी बाटलीतलं पाणी ओतायला निघालो तर रसवंतीवाले काका ओरडलेच, "ओ, पाणी नका मारू, ब्रेकची डिस्क वाकडी होईल! बसा, रस प्या, आपोआप गार होतंय." अर्धा तास बसलो, चार ग्लास झाले. निघताना म्हणाले, "ज्या गिअरनं चढवली असती ना, त्याच गिअरनं उतरवायची." एवढंच. आता त्याच उतारावर दुसरा गिअर असतो, पाय दोन्ही पेडलवरून बाजूला, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी थोडासा.

आणि पेट्रोलचं म्हणाल तर गंमत अशी की न्यूट्रलने वाचत नाहीच. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये, म्हणजे ज्यात पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो, गिअरमध्ये असताना तुम्ही रेस पूर्ण सोडली की इंजिनाला पेट्रोल जायचंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जातच राहतं. न्यूट्रल ही त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांच्या काळातली सवय, बाबांची पिढी अजून सोडत नाही, त्यांच्याशी वाद घालू नका, किल्ली तुमच्याकडे ठेवा.

नीट चालवताय का हे कसं कळणार? माझी कसोटी आई आहे. घाटात ती मागच्या सीटवर झोपली म्हणजे जमलं. वरचं हँडल धरून 'हळू रे' म्हणाली म्हणजे ब्रेक उशिरा मारतोयस, आणि लिंबू हुंगायला लागली तर सरळ थांबून सगळ्यांना खाली उतरवायचं. आई नसेल तर डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, वळणावर ती घरंगळली नाही पाहिजे.

मध्ये थांबा. आंबवड्याला संस्थानकाळातला झुलता पूल आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, सकाळी सात-साडेसातला तिथे एखाददुसरा माणूस असतो फक्त. खिंडीत वर गेलात की गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर लावा, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. बोनेटखालून टिक्, टिक् आवाज येत राहतो गरम लोखंड गार होतानाचा, बाकी वारा. एकदा खिंडीत थांबलो होतो तर मेंढरं वर आली, दोन-अडीचशे असतील, गाडीच्या दोन्ही बाजूंनी अंग घासत गेली, पूर्ण गाडी डुलत होती, आणि शेवटी आलेल्या मेंढपाळाने काचेतून आत बघून फक्त विचारलं, "बंद पडली व्हय?" मी म्हणालो नाही, उगाच थांबलोय. त्याला ते पटलं असावं असं वाटलं नाही.

वाईला मिसळ नाहीतर पोहे खा, ढोल्या गणपतीला जाऊन या, मग सुरूरकडे निघा. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत, जे काही रुंदीकरणातून उरलेत ते, त्यांच्याखालून साठच्या वर जायचं नाही, ऊन-सावली, ऊन-सावली करत आरामात चौथ्या गिअरमध्ये. त्यानंतरच्या हायवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, काचा वर करा, एसी लावा, आता गाणी पण लावा, डाव्या लेनमध्ये ऐंशी धरून घरी या.

घरी आल्यावर लगेच वर जाऊ नका. एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवलाय मी दाराच्या खणात, त्याने टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढतो एकेक करून, चारही चाकांचे, दहा मिनिटं लागतात. सोसायटीचा वॉचमन विचारतो काय हरवलं का साहेब.